विटकरी जर्सीचे डस्टर

हॉटेलच्या लॉन्ड्रीला खिडकी नसते. वर कारंजी, खजुराची झाडं, लॉबीत दर थोड्या वेळाने अत्तराचा फवारा. तिथून दोन मजले खाली उतरलात की आमचा प्रदेश सुरू होतो. वाफ, यंत्रांची घरघर आणि ओल्या कपड्यांचे डोंगर. दुबईतली माझी सगळी नोकरी या तळघरात झाली. आधी इस्त्रीवर, मग यंत्रांवर आणि शेवटी सुपरवायझर म्हणून. आता रास अल खोरला एका गोदामात माझी स्वतःची लहानशी लॉन्ड्री आहे. आसपासच्या गॅरेजवाल्यांचे गणवेश धुतो. ग्रीसचा डाग काय चीज आहे ते या वयात नव्याने शिकतो आहे.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या, “परीटकाका, तुमच्या क्षेत्रातले गमतीदार अनुभव लिहा ना.” गमतीदार अनुभव आहेतही. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट आठवते आणि ती गमतीदार नाही. आठवली की अजून माझं डोकं तापतं. तेव्हा बाईंची माफी मागून तीच सांगतो.

आडनाव परीट, गाव कोल्हापूर. आडनावातच धुणं आहे. वडील आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या जर्स्या धुवायचे. ज्यांना कोल्हापूर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे कुस्तीइतकंच वेड फुटबॉलचं. पेठेपेठेला तालीम, तालमीचा संघ, आणि प्रत्येक संघाचा रंग ठरलेला. सामन्याच्या दिवशी भलत्या पेठेत भलत्या रंगाचा शर्ट घालून गेलात तर चहासुद्धा कुणी विचारणार नाही. वडील त्या जर्स्या बाकीच्या कपड्यांत कधी मिसळत नसत. त्यांना वेगळी दोरी असे. मी विचारलं तर म्हणायचे, “ही पेठेची आहेत, गिऱ्हाइकाची न्हाईत.”

माझं हॉटेल शहराच्या बाहेरच्या अंगाला होतं. मागे फुटबॉलची दोन मैदानं, हिरवीगार. जानेवारीत युरोपात बर्फ असतं, म्हणून तिकडचे क्लब सरावासाठी इकडे येतात. सकाळ-संध्याकाळ सराव, म्हणजे सकाळ-संध्याकाळ कपडे. आणि खेळाडूंचे कपडे धुणं हे चादरी धुण्यासारखं नाही. चादर कसाही मार खाते. जर्सीच्या कापडाला गरम पाणी चालत नाही. सॉफ्टनर तर अजिबात नाही. त्याचा थर बसला की कापड घाम ओढायचं थांबतं आणि खेळाडू प्लास्टिकची पिशवी घालून पळाल्यासारखा पळतो. पाठीवरचा नंबर तापवून चिकटवलेला असतो. ड्रायर जरा जास्त तापला की सातचा एक होतो. मोजे उलटे करून धुवायचे. शिवाय स्नायूंना चोळायच्या मलमाचा वास. तो एकदा यंत्रात मुरला की पुढच्या खेपेच्या चादरींबरोबर थेट हनिमूनला आलेल्या जोडप्याच्या खोलीत पोचतो. तशी तक्रार मी स्वतः निस्तरलेली आहे.

गिऱ्हाइकंही एकेक. उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातला एक गोलकीपर होता. संघ जिंकत होता म्हणून तो आतला बनियन धुवायला देईना. शेवटी त्यांचा कर्णधारच तो बनियन दोन बोटांत धरून खाली घेऊन आला आणि म्हणाला, “प्लीज.” मी धुतला. पुढच्या सामन्यात गोलकीपरने तीन गोल खाल्ले. दुसऱ्या दिवशी तो उंचच उंच माणूस तळघरात उतरला, माझ्यासमोर उभा राहिला, “तू,” एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

असे क्लब यायचे आणि जायचे. एक मात्र दर हिवाळ्याला यायचा. झेक देशातला होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्या नावावर आज ज्यांचा कायदेशीर हक्क आहे त्यांचे वकील फार तत्पर आहेत. वीटभट्टीवाल्यांचा क्लब म्हणतो. त्यांची जर्सी विटकरी आणि पांढऱ्या पट्ट्यांची, छातीवर भट्टीचं धुराडं आणि त्याखाली तीन विटा.

त्यांच्या कपड्यांची जबाबदारी असलेला माणूस म्हणजे यार्दा. पूर्ण नाव यारोस्लाव, पण त्याला सगळे यार्दाच म्हणत. बाकीच्या क्लबांची माणसं कपडे ट्रॉलीत टाकून रिसेप्शनला फोन करत. यार्दा पहिल्याच दिवशी ट्रॉलीच्या मागे मागे तळघरात आला. यंत्रावरच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणाला, “नो हॉट.” मी म्हणालो, “नो हॉट. नो सॉफ्टनर.” त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि धुणं होईपर्यंत बसून राहिला. नंतर ते स्टूल त्याचंच झालं. त्याचं आणि माझं इंग्रजी एकाच तोलाचं होतं, म्हणून आमचं चांगलं जमलं.

यंत्र फिरत असताना तो क्लबचा इतिहास सांगायचा. एका हिवाळ्यात थोडा, दुसऱ्या हिवाळ्यात थोडा. भट्टीसाठी माती खणून खणून गावाबाहेर एक मोठा खड्डा झाला होता. भट्टीवरच्या मजुरांनी आणि दोन-तीन कारकुनांनी त्या खड्ड्याचा तळ सपाट केला आणि खेळायला सुरुवात केली. तेच मैदान. प्रेक्षक खड्ड्याच्या उतारावर उभे राहायचे, त्यामुळे स्टँड बांधायचा खर्चच नाही. पहिल्या जर्स्या भट्टीच्या मालकाच्या बायकोने रंगवून दिल्या, तो रंग विटकरी. पुढे महायुद्ध आलं, जर्मन आले, मैदानात त्यांचे घोडे बांधले गेले. मग साम्यवादी राजवट आली. तेव्हा सगळे क्लब कुठल्या ना कुठल्या कारखान्याला किंवा संघटनेला जोडले गेले आणि जुनी नावं पुसली गेली. यार्दाच्या वडिलांच्या हयातीत क्लबचं नाव चार वेळा बदललं. पण गावात कुणीही त्यातलं एकही नाव घेतलं नाही. लोक म्हणायचे, “आज विटा खेळणार आहेत.”

“आणि रंग?” मी विचारलं होतं.

यार्दा हसला. “वरून अधिकारी आला. म्हणाला, लाल करा. आमच्या लोकांनी सांगितलं, साहेब, लालच आहे, नीट बघा. तो बघत राहिला. मग म्हणाला, हो, लाल आहे. गेला.”

ती राजवटही गेली. भट्टी बंद पडली. बिस्किटवाल्या कंपनीने पैसे दिले तेव्हा बिस्किटांचं नाव पुढे लागलं, मग सिमेंटवाल्याचं. एकदाच ते देशातल्या सगळ्यात वरच्या साखळी स्पर्धेत पोचले, एक हंगाम टिकले, परत खाली आले. यार्दा तरुणपणी राखीव संघात डावीकडून खेळायचा. गुडघा गेला तेव्हा त्याच्या हातात कपड्यांची टोपली आली. सिमेंटवाला निघून गेला त्या वर्षी जर्सीवरची चिन्हं त्याच्या बायकोने घरी बसून शिवली होती.

माझी मुलगी केतकी तेव्हा शाळेत होती. हिवाळ्याच्या सुट्टीत मी तिला कधीकधी हॉटेलवर न्यायचो. ती यार्दाच्या शेजारी बसून सरावाच्या जाकिटांच्या घड्या घालायची. त्याने तिला क्लबचा विटकरी स्कार्फ दिला होता. आमच्या अल बर्शाच्या घरात तो तिच्या पलंगाच्या डोक्याशी अनेक वर्षं लटकत होता. उन्हाळ्यात लोकर बघूनच घाम यायचा, पण ती काढू देत नसे.

मुलगी मोठी झाली. मार्केटिंग शिकली, दुबई मरीनामध्ये एका जाहिरात कंपनीत लागली. तिच्या ऑफिसातून यॉट दिसतात. आणि मग त्या झेक क्लबमध्ये इथल्या एका गुंतवणूक कंपनीने पैसे घातले. कंपनी नव्या रूपासाठी जाहिरातवाले शोधत होती. केतकीने मीटिंगमध्ये सांगितलं की हा क्लब मला लहानपणापासून माहीत आहे. साहेब खूश झाले आणि ते काम तिच्या हातात आलं.

त्या दिवशी ती घरी नाचतच आली. “बाबा, गेस व्हॉट? आपला क्लब.” सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, शिरा केला. मी आपला अभिमानाने शेजाऱ्यांना सांगत सुटलो. नंतर केतकी त्या विषयावर बोलेनाशी झाली. विचारलं की म्हणायची, “कॉन्फिडेन्शियल आहे, बाबा.” ऑफिसचं काम असेल म्हणून मी सोडून दिलं.

जानेवारी आला, क्लब आला, यार्दा आला. खुशीत होता. नवा मालक, नवी बस. क्लबच्या कपडे धुण्याच्या खोलीत नवं यंत्र देणार म्हणून कबूल केलं होतं. “तुझ्यासारखं,” तो म्हणाला आणि आमच्या यंत्राला थोपटलं.

त्यांच्या मुक्कामाच्या मध्यावर मालक कंपनीचा प्रतिनिधी खाली आला. सूट, पायात मोजे नाहीत. त्याच्या मागे खोक्यांची रांग. नव्या जर्स्या होत्या, घडीच्या खुणा काढायला वाफ द्यायची होती. दोन दिवसांनी मरीनामध्ये मोठा कार्यक्रम होता. “सरप्राइज आहे,” तो म्हणाला. “कुणाला दाखवू नका. त्या म्हाताऱ्या किटवाल्याला तर नकोच. तो भावनिक होतो.”

मी पहिलं खोकं फोडलं. काळी जर्सी. सोनेरी कडा. छातीवर पंख पसरलेला पक्षी, तोच तिरका बघितला तर इंग्रजी अक्षर. धुराडं नाही, विटा नाहीत. खाली नाव होतं तेही मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या हाताखालचा केरळी इस्त्रीवाला म्हणाला, “अच्छा है भाई, एअरलाइन जैसा दिखता है.” त्याचं काही चुकलं नव्हतं. चांगलीच दिसत होती. काळी जर्सी कुणालाही चांगलीच दिसते. दुबईतल्या कुठल्याही दुकानाच्या पाटीवर, कुठल्याही परफ्यूमच्या बाटलीवर ते चिन्ह शोभलं असतं. म्हणूनच माझं पित्त खवळलं. जी गोष्ट कुठेही शोभते ती कुणाचीच नसते. कोल्हापुरात एखाद्या पेठेच्या जर्सीचा रंग असा बाहेरच्या माणसाने येऊन बदलून दाखवावा. त्याला गावाबाहेर शिवाजी पुलापर्यंत लोक पोचवून आले असते, आणि प्रेमाने नाही.

मी यार्दाला सांगितलं. नोकरीच्या शिस्तीत ते बसत नव्हतं, पण चाळीस वर्षं ज्याने त्या कपड्यांना हात लावला त्याला कार्यक्रमाच्या दिव्यांत हे कळावं, हे मला बघवणार नव्हतं. तो स्टुलावर बसला होता. मी काळी जर्सी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने आधी शिवण पाहिली, उलटी करून आतली बाजू पाहिली. सवय. मग चिन्हावर अंगठा फिरवला.

“त्यांनी नावं बदलली,” तो म्हणाला. “जर्मनांनी, कम्युनिस्टांनी, बिस्किटवाल्याने. रंगाला कुणी हात लावला नव्हता.”

“तू बोल ना कुणाशी तरी.”

“कुणाशी? क्लबचा अध्यक्ष आता ईमेलमध्ये असतो.” मग म्हणाला, “जुनं सगळं गोळा करून लॉन्ड्रीत द्यायला सांगितलंय. जपून ठेवणार म्हणाले. संग्रहालय करतील कदाचित.”

त्याने ते खरं मानलं. मीही मानलं.

संध्याकाळी अल बर्शाला घरी गेलो तेव्हा केतकी जेवत होती. मी चप्पलही काढली नाही.

“हे तू केलंस?”

तिला लगेच कळलं. “मी एकटीने नाही, बाबा. टीमने. आणि डिझाइन लंडनहून आलं.”

“तुला तो रंग माहीत होता. त्या लंडनवाल्याला नव्हता. तुला होता.”

“बाबा, द क्लब वॉज डाइंग.” ती शांतपणे बोलत होती, त्याचा मला जास्त राग आला. “स्टेडियममध्ये कोणी येत नव्हतं. पगार थकले होते. कुणीतरी पैसे घालतंय तर त्यांना विकता येईल असं काहीतरी लागतं. विटा कोण विकत घेणार? तुला सुंदर जुना लोगो हवा आणि मेलेला क्लब हवा?”

“मला तो माणूस हवा. तुला स्कार्फ देणारा.”

“मी त्यांच्यासाठी भांडले, ओके? धुराडं ठेवा म्हटलं मीटिंगमध्ये. लोक हसले. मग मी गप्प बसले. आय हॅव अ जॉब, बाबा.”

“अहो, तिला जेवू द्या,” सुनंदा म्हणाली. मी जेवलो नाही. पोरीच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं हे मला तेव्हाही कळत होतं, पण त्याने राग कमी होत नाही. उलट वाढतो.

कार्यक्रम झाला. दिवे, धूर, काळ्या जर्सीतले खेळाडू. यार्दाला बोलावलं नव्हतं. तेवढ्या वेळात त्याने जुना माल गोळा केला. जर्स्या, ट्रॅकसूट, जाकिटं, ड्रेसिंग रूममध्ये लावायचा झेंडा. प्रत्येक वस्तूची घडी घातली, चिन्ह वर येईल अशी. स्वतः ट्रॉल्या ढकलत खाली आणल्या आणि मला म्हणाला, “कोरड्या जागी ठेव.” मी जाळीच्या कपाटात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फादीने मला बोलावलं. फादी म्हणजे आमच्या हाउसकीपिंगचा प्रमुख, लेबनानी, स्वभावाने वाईट नाही पण वरून आलेला शब्द त्याला देवाचा. म्हणाला, “विलास, ते जुने कपडे कापून डस्टर करायचे.”

मला वाटलं चादरींबद्दल बोलतोय. फाटक्या चादरी आम्ही कापतोच, साफसफाईला लागतात.

“क्लबचे,” फादी म्हणाला. “जुनं चिन्ह बाजारात दिसता कामा नये, कंपनीची सूचना आहे. हे बघ, मेल.” आणि मोठ्याने वाचलं. जुन्या ओळखीचा सर्व माल वापरता येणार नाही अशा प्रकारे नष्ट करावा. मग तो थांबला. “खाली सही परीट आहे. तुझी नातलग?”

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे कपडे धुतले गेले. कुणाचा कपडा आम्ही हरवला असेल, कुणाचा भाजला असेल. पण चांगला कपडा कापायची आज्ञा आमच्या आडनावाखाली कधी निघाली नव्हती. मी फादीला म्हणालो, “मी कात्री लावणार नाही. आणि मी परत येईपर्यंत कुणी लावायची नाही.” तो म्हणाला, “इन्शाल्ला.” तिथेच मी समजायला हवं होतं.

तसाच मेट्रोने मरीनाला गेलो. लॉन्ड्रीच्या गणवेशात. तिच्या बिल्डिंगच्या स्वागतकक्षातल्या मुलीने मला मागच्या दाराने माल द्यायला सांगितलं. केतकी खाली आली. आम्ही पाण्याच्या कडेला उभे राहिलो, आजूबाजूला लोक कॉफी पीत होते.

“नष्ट करावा असं तू लिहिलंस?”

ती क्षणभर गोंधळली. “ती एक चेकलिस्ट असते, बाबा. वेबसाइट बदला, पाट्या बदला, जुना स्टॉक काढा. स्टँडर्ड लाइन आहे. मी फक्त पुढे पाठवली.”

“त्या लाइनीचा अर्थ माहितीय? फादी कात्री घेऊन उभा आहे. यार्दाने हाताने घड्या घातलेल्या जर्स्या आहेत त्या. त्याला सांगितलंय की संग्रहालय होणार.”

तिने फोन काढला आणि माझ्यासमोर फादीला लावला. “मिस्टर फादी, प्लीज होल्ड इट. डोन्ट कट एनीथिंग.” पलीकडून काय उत्तर आलं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी परत पोचलो तेव्हा काम संपत आलं होतं. मोठ्या टेबलावर विटकरी चौकोनांच्या चळती लागल्या होत्या. झेंड्याच्या दोन मोठ्या पट्ट्या झाल्या होत्या, काच पुसायला चांगल्या म्हणून वेगळ्या ठेवलेल्या. मी आवाज चढवला. बरंच बोललो, हिंदीत आणि कोल्हापुरीत. फादी म्हणाला, “हबीबी, मेल आलं, काम झालं. खलास. मनाला का लावून घेतोस? पॉलिस्टर आहे.” मनाला लावून घेण्याबद्दल मला नंतर लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी खुशाल द्यावी.

यार्दा नेहमीच्या वेळी सरावाचे कपडे न्यायला खाली आला. मी त्याला दारातच अडवायला हवं होतं, अडवलं नाही. त्याने टेबल पाहिलं. एक चौकोन उचलला. धुराडं मधोमध कापलेलं होतं.

“कोणी सांगितलं?”

कंपनीने, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण चाळीस वर्षं घातलेल्या माणसाला ‘कंपनी’ हे उत्तर म्हणजे आणखी एक कात्री.

“माझ्या मुलीने,” मी म्हणालो. “तिला कळलं नाही ती काय पाठवतेय. पण पाठवलं तिने.”

“केतकी?”

मी मान हलवली. त्याने चौकोन परत चळतीवर ठेवला, कडा जुळवून. “लहानपणी ती घड्या छान घालायची,” एवढंच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

कापायचे राहिले होते फक्त मोजे. मोज्यांचा डस्टर होत नाही. टोपली भरून विटकरी मोजे कोपऱ्यात तसेच होते. यार्दाने ते सगळे स्वतःच्या बॅगेत भरले, आणि जागा व्हावी म्हणून आपले दोन स्वेटर माझ्याकडे ठेवून गेला.

पुढचे कित्येक महिने ते चौकोन हॉटेलभर फिरत होते. नळ पुसायला, लिफ्टचे आरसे पुसायला, संडासाच्या टाइल्स पुसायला. मॉपिंगच्या बादलीच्या कडेला एक वीट लटकताना मी स्वतः पाहिली आहे. खड्ड्यात घोडे बांधले तेव्हाही जी टिकली, बंदूकवाल्या राजवटीपुढे जी टिकली, ती एका चेकलिस्टपुढे टिकली नाही. हा राग मी कुणावर काढायचा? पक्षी काढणाऱ्याने म्हणायचं मी फक्त चित्र काढलं. माझ्या मुलीने म्हणायचं मी फक्त पुढे पाठवलं. फादीने म्हणायचं मी फक्त मेल वाचलं. कापणारी पोरं तर बिचारी हुकमाची. सगळ्यांचे हात धुतलेले. धुण्यातला माणूस म्हणून सांगतो, इतके स्वच्छ हात मला आवडत नाहीत.

आता तिकडे काय झालं ते. यार्दाला हंगामाच्या शेवटी घरी बसवलं. कपडे धुण्याचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं. ते कबूल केलेलं यंत्र कधी आलंच नाही. गावातल्या लोकांनी काळी जर्सी घेतली नाही. ते मैदानात यायचे बंद झाले आणि सामन्याच्या वेळी रस्त्यापलीकडच्या गुत्त्यात बसू लागले. गुंतवणूकदारांना दुसरीकडे, दुसऱ्या देशात, दुसरा क्लब बरा वाटला. ते निघून गेले. नाव आणि चिन्हं कायद्याने त्यांच्या खिशात राहिली, जुनं धुराडंसुद्धा. म्हणजे ज्यांनी ते कापून फरशी पुसली, ते त्याचे मालक, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी त्या विटा भाजल्या, त्यांनी ते छापलं तर गुन्हा.

गावकऱ्यांनी सगळ्यात खालच्या साखळीत नवा संघ उभा केला. मैदान नगरपालिकेचं होतं, ते मिळालं. जर्सीला पैसे नव्हते. पहिल्या सामन्यात त्यांनी साधे पांढरे शर्ट घातले आणि पायात यार्दाने दुबईहून नेलेले विटकरी मोजे. त्याने मला फोटो पाठवला. अकरा माणसं, अकराच्या अकरा जणांनी मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले.

तो फोटो मी केतकीला दाखवला. त्या कापाकापीनंतर काही आठवडे आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो होतो; तोवर ते निवळलं होतं. ती अजून त्याच कंपनीत आहे, बढतीही झाली. तिने यार्दाला एक लांबलचक संदेश पाठवला होता, त्यात काय होतं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. हा लेख तिने वाचला. म्हणाली, “माझं नाव बदलू नकोस. पण माझी बाजू पूर्ण लिही. पैसे आले नसते तर तो क्लब त्याच वर्षी बंद झाला असता.” लिहिलं. कदाचित तिचं बरोबर असेल. पण बंद पडलेला क्लब गावाला परत उघडता येतो. कापलेली जर्सी परत शिवता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला आहे.

गेल्या महिन्यात यार्दाचा व्हिडिओ कॉल आला. मी गोदामात होतो, ग्रीसच्या गणवेशांशी झटापट चालली होती. पलीकडे यार्दा, जाडजूड स्वेटरमध्ये. त्याने कॅमेऱ्यासमोर एक खेळाची चड्डी धरली. पांढरी असायला हवी होती. चांगली गुलाबी झाली होती.

संघाने नव्या जर्स्या केल्या होत्या. सुती, गावातल्याच एका रंगाऱ्याकडून. रंग विटकरी, हुबेहूब. पण धुतला की सुटतो. सगळ्या चड्ड्या गुलाबी झाल्या होत्या आणि समोरचा संघ हसला होता.

“गरम पाणी घातलंस?” मी विचारलं.

“मी नाही. दुसऱ्याने.” त्याने कुणाकडे तरी रागाने पाहिलं.

मी सांगितलं. थंड पाणी, जर्स्या वेगळ्या बादलीत, ओल्या कपड्यांचा ढीग करून ठेवायचा नाही, सावलीत वाळवायच्या. पहिल्या काही धुण्यांत जादाचा रंग जाणारच. त्याला घाबरायचं नाही.

“जादाचा गेल्यावर?”

“उरतो तो पक्का. तोपर्यंत गुलाबी चड्डीत खेळा.”

तो मान फिरवून आपल्या भाषेत कुणाला तरी ते सांगू लागला. मला वाटलं खोलीत अजून एखाददुसरं कुणी असेल. पण मग हसण्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ थांबेना. बायका, पुरुष, म्हातारी माणसं. ती खोली गच्च भरलेली होती.